शाब्दिक उदाहरणं नेमकी कुठे चुकतात?

१३० ला ४० ने भागलं की भागाकार ३ येतो, बाकी १० उरते. पण एवढ्याने उदाहरण सुटत नाही. १३० जणांना ४० आसनांच्या बसने न्यायचं असेल तर बस ४ लागतात, कारण उरलेल्या १० जणांनाही जायचंच असतं. १३० सेंटिमीटर दोरीतून ४० सेंटिमीटरचे तुकडे मात्र ३च निघतात. मिनिटाला ४० लिटर पाणी उपसणारा पंप १३० लिटरला ३.२५ मिनिटं घेतो, म्हणजे ३ मिनिटं १५ सेकंद (२५ सेकंद नव्हे!). भागाकार तोच, उत्तरं तीन. कॅल्क्युलेटरवर ३.२५ पाहून बाकी २५ लिहिणारेही असतात. दशांश भागाला भाजकाने गुणावं: ०.२५ × ४० = १०.

समीकरणात चूक होते ती मांडणीत. ‘दर शिक्षकामागे ६ विद्यार्थी’ हे वाक्य जसंच्या तसं उतरवून अनेकजण श = ६व लिहितात. १० शिक्षक, ६० विद्यार्थी घालून पाहा: १० = ३६०! इथे व म्हणजे ‘विद्यार्थी’ नाही, विद्यार्थ्यांची संख्या आहे. म्हणून व = ६श.

वयाच्या उदाहरणात कंस दगा देतो. आईचं वय मुलीच्या तिप्पट आहे, १२ वर्षांनी ते दुप्पट होईल. मुलीचं वय क्ष धरलं तर ३क्ष + १२ = २(क्ष + १२), म्हणून क्ष = १२. कंस विसरून उजवीकडे २क्ष + १२ लिहिलं तर मुलीचं वय शून्य येतं. मुलीच्या वयात १२ मिळवायचेच राहिले तर उणे १२. ताळा समीकरणात नव्हे, मूळ वाक्यात करावा, कारण चुकीच्या समीकरणाचं उत्तर त्या समीकरणात चपखल बसतंच. इथे आज १२ आणि ३६, पुढे २४ आणि ४८. जुळलं.

संभाव्यतेत सर्वांत फसवा शब्द ‘किमान’. फासा ४ वेळा टाकला तर किमान एकदा ६ पडण्याची संभाव्यता किती? ४ × १/६ = २/३ हे उत्तर पटकन सुचतं, पण याच हिशोबाने ७ फेकींत ती ७/६ होईल, आणि संभाव्यता १ च्या वर जात नाही. (२/३ ही खरं तर ४ फेकींत पडणाऱ्या ६ ची सरासरी संख्या आहे.) उलट बाजूने जावं: एकदाही ६ न पडण्याची संभाव्यता (५/६)⁴ = ६२५/१२९६, म्हणून उत्तर ६७१/१२९६, सुमारे ०.५२.

आता दोन फासे एकत्र टाकून दोन्हींवर ६ हवे आहेत. शक्यता ६ च्या ३६ झाल्या, म्हणून संभाव्यता निम्म्यापलीकडे न्यायला फेकीही ४ च्या सहापट, २४, पुरतील असं वाटतं. १६५४ मध्ये फ्रेंच गणिती पास्कालने दुसरा फ्रेंच गणिती फर्माला लिहिलेल्या पत्रात हाच पेच आहे. १ − (३५/३६)²⁴ केलं की सुमारे ०.४९ येतात, निम्म्याहून कमी. निम्म्यापलीकडे जायला २५ फेकी लागतात.