पानिपतच्या पत्रापलीकडचे घराणे

दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगचा विषय निघाला की शाहू महाराजांनी १९०६ साली ते काढले, हे कोल्हापुरात कुणीही सांगेल. कुराण मराठीत यावे म्हणून महाराजांनी पदरचा पैसा मंजूर केला, हे मात्र अधूनमधूनच ऐकू येते. धर्मग्रंथ लोकांना कळेल अशा भाषेत आणायचा हा खटाटोप दिल्लीत एका घराण्याने कितीतरी आधी मांडला होता. घराणे शाह वलीउल्लाह यांचे. अब्दालीला मराठ्यांवर बोलावणारे पत्र लिहिणारे, एवढीच आपल्याकडे त्यांची ओळख.

वंशावळ दुसरे खलिफा हजरत उमर यांच्यापर्यंत नेतात. त्याचा पुरावा मागत बसू नये. सूर्यवंशापर्यंत पोचलेली घराणी आपल्याकडेही कमी नाहीत. आजोबा वजीहुद्दीन औरंगजेबाच्या फौजेत होते. वडील शाह अब्दुर्रहीम मात्र अध्यापनाकडे वळले, त्यांनी दिल्लीत मदरसा रहीमिया चालवला आणि औरंगजेबाने करवून घेतलेल्या ‘फतावा-ए-आलमगिरी’ या इस्लामी कायद्याच्या संग्रहाच्या कामातही काही काळ हात लावला.

वलीउल्लाह १७०३ चे. १७१९ मध्ये वडील गेले आणि मिसरूड फुटायच्या वयात मदरसा अंगावर पडला. पुढे हजला गेले, मदिनेत हदीस, म्हणजे पैगंबरांची वचने आणि आचरणाच्या नोंदी, शिकून १७३२ मध्ये परतले. मग त्यांनी कुराणाचा फारसी तर्जुमा, म्हणजे भाषांतर, केला. फारसी तेव्हा दरबाराची आणि शिकल्यासवरल्यांची भाषा. अरबी न येणाऱ्यालाही अर्थ कळावा, हा हेतू. त्यामुळे काही मौलवी इतके खवळले की फतेहपुरी मशिदीत त्यांच्यावर हल्ला झाला, अशी आख्यायिका आहे.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७६२ मध्ये वलीउल्लाह वारले. ते पत्र विसरा असे मी म्हणणार नाही. पण माणूस तेवढ्या पत्रात मावत नाही.

त्यांचे थोरले चिरंजीव अब्दुल अजीज यांनी पुढे सुमारे साठ वर्षे शिकवले. भाषांतराचा धागा उचलला तो धाकट्या मुलांनी. रफीउद्दीन यांनी कुराण शब्दाला शब्द ठेवून उर्दूत आणले, तर अब्दुल कादिर यांनी १७९० च्या सुमारास बोलीच्या वळणाने. बापाची फारसी तोवर बाजारातल्या माणसापासून दूर गेली होती, हे पोरांनी ओळखले. नातू इस्माईल यांनी पुन्हा तलवार धरली. ते १८३१ मध्ये बालाकोटला शिखांशी लढताना पडले. अब्दुल कादिर यांचा तर्जुमा मात्र आजही छापला जातो.