दासमुक्ती, रोमन

मालकाने आपल्या दासाला बंधनातून सोडण्याची रोमन कायद्यातील पद्धत. लॅटिन संज्ञा मानुमिस्सिओ, शब्दशः ‘हातातून सोडणे’. यातील हात म्हणजे मालकाची सत्ता. दास सोडण्याची चाल इतर प्राचीन समाजांतही होती. परंतु ग्रीक नगरराज्यांत सुटलेला दास बहुधा परकाच राही, तर रोममध्ये नागरिकाने विधिपूर्वक मुक्त केलेला दास स्वतः नागरिक होई. परक्यांनाही हे लक्षणीय वाटे. मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप याने इ. स. पू. २१५ च्या सुमारास लॅरिसा नगराला पाठविलेल्या पत्रात लोकसंख्या वाढविण्यासाठी रोमनांचा कित्ता गिरवावा असे सुचविले असून, रोमन लोक मुक्त दासांना अधिकारपदेही देतात असे म्हटले आहे. हे शेवटचे विधान मात्र अतिशयोक्त आहे. पदांचा मार्ग मुक्ताला नव्हे, त्याच्या मुक्तीनंतर जन्मलेल्या मुलाला मोकळा होई.

प्रथेचा उगम निश्चित सांगता येत नाही. राजसत्ता परत आणण्याचा कट इ. स. पू. ५०९ मध्ये विंडिकिउस नावाच्या दासाने उघडकीस आणला व बक्षीस म्हणून त्याला मुक्ती आणि नागरिकत्व मिळाले, अशी कथा रोमन इतिहासकार लिव्ही देतो. ‘विंडिक्ता’ या मुक्तिविधीचे नाव त्याच्यावरूनच पडले, हे मत तो ‘काहींच्या’ नावावर घालतो, स्वतः उचलून धरत नाही. विंडिक्ता हा मूळचा मालकीच्या दाव्यातील शब्द असल्याने त्यावरून दासाचे नाव रचले गेले असावे, उलट नव्हे, असे आज सामान्यतः मानतात. बारा परिशिष्टांच्या कायद्यात (ट्वेल्व्ह टेबल्स, इ. स. पू. ४५१–४५०) मृत्युपत्रान्वये सशर्त मुक्तीची तरतूद होती. मुक्तीवर दासाच्या किमतीच्या पाच टक्के कर बसविणारा कायदा लिव्हीच्या कालगणनेप्रमाणे इ. स. पू. ३५७ चा. कर बसवण्याजोग्या संख्येने दास तेव्हा सुटत होते, एवढे त्यावरून अनुमान काढता येते.

विधिमान्य प्रकार तीन. विंडिक्ता हा लटका दावा असे. प्रीटर या न्यायाधिकाऱ्यासमोर एक तिऱ्हाईत दासाला काठीने स्पर्श करून ‘हा मनुष्य स्वतंत्र आहे’ असे म्हणे, मालक त्याला विरोध करीत नसे आणि प्रीटर निवाडा देई. मालक दासाला गर्रकन फिरवून सोडून देई, असेही उल्लेख आहेत. गालावर मारायची चापट विधीचा आवश्यक भाग होती की नाही, याविषयी मतभेद आहेत. नारदस्मृतीत दास सोडताना स्वामीने त्याच्या खांद्यावरील पाण्याचा घडा फोडून ‘अदास’ असे तीनदा म्हणावे, असे सांगितले आहे. दोन्हीकडे शब्दाबरोबर दृश्य कृती लागते, इतकेच साम्य. कालांतराने विंडिक्तेचा थाट ओसरला. प्रीटर स्नानगृहाकडे किंवा नाट्यगृहाकडे जात असता वाटेतही तो उरकता येई, असे विधिज्ञ गायस (इ. स. दुसरे शतक) नमूद करतो.

दुसरा प्रकार म्हणजे जनगणनेत नागरिक म्हणून नोंद करणे. जनगणनाच अनियमित झाल्यावर तो लोपला. तिसरा, आणि बहुधा सर्वांत प्रचलित, मृत्युपत्राचा. मरणोत्तर उदारपणात वारसाखेरीज कोणाचे नुकसान नसल्याने त्याला ऊत आला असावा. इ. स. पू. २ च्या फुफिया कानिनिया कायद्याने त्याला मर्यादा घातली: दोनाहून अधिक व दहापर्यंत दास असल्यास निम्मे, तीसपर्यंत एकतृतीयांश, शंभरपर्यंत एकचतुर्थांश, पाचशेपर्यंत एकपंचमांश, आणि कितीही असले तरी शंभराहून अधिक नाहीत. मर्यादा ओलांडल्यास यादीतील आधीची नावे ग्राह्य धरीत. त्यावर काहींनी नावे वर्तुळात लिहिली, म्हणजे पहिले कोणते नि शेवटचे कोणते हेच ठरू नये. गायस सांगतो, अशा मृत्युपत्रातला एकही दास सुटत नसे.

विधी न करता, मित्रांसमक्ष तोंडी किंवा पत्राने सोडलेल्यांची स्थिती अधांतरी होती. कायद्याने दासच, पण प्रीटर त्यांना संरक्षण देई. युनिया कायद्याने त्यांना एक वेगळा दर्जा दिला. हे ‘युनियन लॅटिन’ हयातीत स्वतंत्र, परंतु त्यांना मृत्युपत्र करता येत नसे आणि मृत्यूनंतर त्यांची मालमत्ता पूर्वीच्या मालकाकडे जाई. या कायद्याचा काळ विवाद्य आहे. सम्राट जस्टिनियनच्या (सहावे शतक) ‘इन्स्टिट्यूट्स’ या कायद्याच्या पाठ्यग्रंथात त्याला ‘युनिया नोर्बाना’ म्हटले असून (कायद्याला तो मांडणाऱ्यांचे नाव पडे) इ. स. १९ चे कॉन्सल, म्हणजे त्या वर्षाचे सर्वोच्च अधिकारी, युनिउस सिलानुस व नोर्बानुस बाल्बुस हे होत. तेव्हा वर्ष १९ हे वरवर पाहता निर्विवाद वाटते. परंतु गायस केवळ ‘युनिया’ म्हणतो. शिवाय, तिशीच्या आत सुटून लॅटिन झालेल्याने विवाह करून मूल वर्षाचे झाल्याचे सिद्ध केल्यास त्याला नागरिकत्व मिळते, ही तरतूद तो इ. स. ४ च्या एलिया सेन्टिया कायद्याची म्हणून देतो. तसे असेल तर लॅटिनांचा वर्ग त्यापूर्वीच अस्तित्वात हवा; म्हणून इ. स. पू. २५ किंवा १७ ही वर्षे सुचविली गेली आहेत. विधिज्ञ उल्पियनच्या नावावरील एका संक्षेपात मात्र हीच तरतूद युनिया कायद्याची आहे.

इटलीतील हर्क्युलेनियम येथे सापडलेल्या मेणपाट्यांमुळे या वादात प्रत्यक्ष पुरावा आला. लुकिउस वेनिडिउस एन्निकुस व त्याची पत्नी लिविया अक्ते यांना इ. स. ६० च्या जुलैत मुलगी झाली, तिच्या जन्माची नोंद साक्षीदारांसमक्ष केली गेली, आणि ती वर्षाची झाल्यावर इ. स. ६२ मध्ये प्रीटरने त्यांचा दावा मान्य केला. दाखला एलिया सेन्टिया कायद्याचा आहे. गायसचे पारडे त्यामुळे जड होते व ऑगस्टसकालीन तारीख (इ. स. पू. २५ किंवा १७) अधिक संभवनीय ठरते. बापाला नागरिक होण्यासाठी वर्षाच्या मुलीचा जन्मदाखला लागला, ही गोष्ट मात्र कोणतीही तारीख धरली तरी तशीच राहते.

किती दास सुटत, हा प्रश्नही अनिर्णित आहे. शहरी दासांपैकी बहुतेक तिशीच्या आसपास मुक्त होत, असे इतिहासकार गेझा आल्फल्डी यांनी समाधिलेखांवरून मांडले. परंतु दगड उभारण्याची ऐपत असणारे आणि मुक्तीचा अभिमान मिरवणारेच अशा लेखांत दिसतात, हा टॉमस वीडेमान यांचा आक्षेप ग्राह्य वाटतो. कष्टाळू युद्धकैदी सहा वर्षांत सुटतो, हे रोमन वक्ता सिसरो याचे वाक्य सेनेटमधील भाषणातले आहे. त्याला आकडेवारी मानू नये. शेतमळ्यांवरील दासांविषयी माहिती त्रोटक आहे. शेतीविषयक लेखक कोलुमेला तीन मुलगे झालेल्या दासीला कामातून सूट व अधिक झाल्यास मुक्ती देत असे. त्यापूर्वी शेतीवरच लिहिणाऱ्या केटोने म्हाताऱ्या व आजारी दासांना जुन्या अवजारांसोबत विकून टाकण्याचा सल्ला दिला होता. खाणीतील दास मुक्तिविषयक साधनांत जवळजवळ दिसतच नाहीत.

मालक दासाला वापरू देई त्या पुंजीला पेकुलिउम म्हणत. कायद्याने ती मालकाचीच. तरी तीतून स्वतःची किंमत भरून सुटण्याचा व्यवहार रूढ होता. आलेल्या पैशातून मालक तरुण दास घेऊ शके. मुक्ताला पूर्वीच्या मालकाचे कुलनाम मिळे (सिसरोचा लेखनिक तिरो हा इ. स. पू. ५३ मध्ये मार्कुस तुल्लिउस तिरो झाला), आणि आदर राखणे व ठरलेले दिवस काम करणे त्याच्यावर बंधनकारक असे. मूल आईच्या स्थितीनुसार दास ठरत असल्याने, बाप सुटला तरी बायकोमुले मागे राहत. ती त्याला विकत घ्यावी लागत.

सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३१६ व ३२१ च्या आज्ञांनी चर्चमधील मुक्ती ग्राह्य धरली. जस्टिनियनने ५२८ मध्ये फुफिया कानिनिया कायदा आणि ५३१ मध्ये युनियन लॅटिन हा वर्ग रद्द केला. असे लोक शेवटच्या श्वासाबरोबर प्राण आणि स्वातंत्र्य दोन्ही गमावत, असे त्याच्या ‘इन्स्टिट्यूट्स’मध्ये म्हटले आहे. दास्य त्याने कायम ठेवले.