पांघरुणाआधी अंथरूण

उघड्यावर झोपलेल्या माणसाला थंडी गाठते ती बहुतेक वेळा पहाटे चारच्या सुमारास. आडवं होताना सगळं ठीक असतं, मध्यरात्रीही ठीक असतं. मग कधीतरी कूस बदलताना लक्षात येतं की कंबर आणि खांदा गार पडलेत. हात आपोआप पांघरुणाकडे जातो, ते आणखी घट्ट लपेटलं जातं, गुडघे पोटाशी येतात, तरी थंडी हटत नाही. कारण ती वरून आलेलीच नसते.

आता चारच का वाजतात ते बघू. शरीराचं आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं हे खरं, पण झोपेत ते जवळपास अंशभर उतरतं आणि नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी दोन-तीन तास तळ गाठतं. रात्रीच्या उत्तरार्धात स्वप्नांची झोप वाढते, आणि तेव्हा कुडकुडून ऊब निर्माण करण्याची शरीराची यंत्रणा ढिली पडलेली असते. त्यात जमीन आणि हवा सूर्य मावळल्यापासून निवतच आलेली असतात. नेमकी मिळकत घटावी आणि खर्च वाढावा, तसं होतं. झोपलेलं शरीर साधारण ७० ते ८० वॅट उष्णता बाहेर टाकतं, म्हणजे एका जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. रात्र काढायची ती एवढ्याच भांडवलावर.

अंथरूण-पांघरूण हा जोडशब्द आपण रोज वापरतो, पण बाहेर झोपायचं ठरलं की त्यातलं अंथरूण विसरतो. माझंही तेच झालं होतं. ताडपत्रीवर एक कांबळं, अंगावर दोन. पहाटे दात वाजायला लागले तेव्हा वैतागून अंगावरचं एक काढून खाली टाकलं. अर्ध्या तासात झोप लागली, ती थेट उन्हं तोंडावर आल्यावरच मोडली. पांघरूण निम्मं झालं होतं आणि ऊब वाढली होती.

याचं उत्तर हवेत आहे. काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञांनी १७९२मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवून दिलं होतं की लोकर आणि फर ऊब देतात ते मुख्यतः त्यांच्यात अडकून पडलेल्या हवेमुळे. स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. पाणी तिच्या चोवीसेक पट उष्णता वाहून नेतं आणि ओली माती त्याहूनही जास्त. अंगावरच्या कांबळ्यात ही हवा फुगून बसलेली असते. तेच कांबळं अंगाखाली गेलं की आपल्या वजनाने पिचकतं, हवा निघून जाते आणि उरतो तो जेमतेम चपटा कापडाचा थर.

ढोबळ आकडे मांडून पाहू. त्वचा ३३ अंश, जमीन १२ अंश, जमिनीला टेकलेला शरीराचा भाग ०.४ चौरस मीटर आणि मधे दबून ५ मिलिमीटर उरलेलं कांबळं. या थरातून सुरुवातीला सुमारे ८० वॅट खाली जातात. शरीराची जवळजवळ सगळीच कमाई! अंगाखालची माती हळूहळू तापते तसा हा आकडा उतरत जातो, पण माती ओली असेल तर ती उष्णता पीतच राहते. कांबळ्याऐवजी तिथे वाळक्या गवताचा असा थर घाला की अंगाखाली दबूनही तो पाच सेंटिमीटर उरेल. गळती दहा वॅटच्या आसपास येते. गवत दबतं फार, म्हणून ढीग घालताना हात आखडता घ्यायचा नाही. गुडघ्यापर्यंत आलेला ढीग झोपल्यावर वीतभरही उरत नाही.

गवताची ही गादी फार जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या बॉर्डर केव्ह या गुहेत सुमारे २ लाख वर्षांपूर्वीची गवताची अंथरुणं सापडली. हा शोध २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. गवत राखेच्या थरावर पसरलेलं होतं, आणि राखेतून सरपटणाऱ्या किड्यांना वाट काढणं अवघड जातं. त्याच देशातल्या सिबुडू इथल्या सुमारे ७७ हजार वर्षांपूर्वीच्या अंथरुणावर तर डासकिडे पळवणाऱ्या झाडाची पानं पसरलेली होती. म्हणजे उबेची आणि किड्यांची सोय तेव्हाच एकत्र झाली होती.

पाठ टेकण्याचाही प्रश्न असतोच. कुशीवर झोपणाऱ्याचं बरंचसं वजन खांदा आणि कंबरेच्या हाडावर येतं. अंथरूण घालण्याआधी कंबर येईल तिथे माती उकरून पसरट बशीएवढा खोलगट भाग केला, की हाड रुतणं थांबतं. दोन मिनिटांचं काम आहे. जाड गादीइतकाच त्याचा उपयोग होतो, असं माझं मत.

जमीन टाळून खाटेवर किंवा झोळीत झोपलं तर? खालून वारा वाहतो आणि दबलेल्या पांघरुणातली ऊब उचलून नेतो. थंडीत झोळीत झोपणाऱ्यालाही पाठीखाली जाड थर लागतोच. उन्हाळ्यात मात्र झोळीसारखं सुख नाही.

आता वरची बाजू. निरभ्र रात्री डोक्यावरचं आकाश उष्णतेच्या हिशोबात हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी थंड असतं. पांघरुणाचा वरचा थर १० अंशांवर असेल आणि आकाश उणे १०च्या बरोबरीचं, तर प्रत्येक चौरस मीटरमागे ९० वॅटच्या आसपास उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी वर निघून जाते. भोवतालची हवा त्यातलं काही परत देते. तरीही पांघरूण हवेपेक्षा थंड पडतं आणि त्यावर दव धरतं. दव पडतं असं आपण म्हणतो खरं, पण पडत काहीच नाही; निवलेल्या पृष्ठभागावर हवेतली वाफ जागच्या जागी पाणी होते.

विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टरांनी हे कोडं सोडवलं. हिरवळीत त्यांनी चार काटक्या रोवल्या आणि गवतापासून सहा इंच उंचीवर एक तलम हातरुमाल ताणून बांधला. बाजूच्या उघड्या गवतापेक्षा रुमालाखालचं गवत गरम राहिलं. नाजूक रोपांवर पातळ चटई अंथरणाऱ्या माळ्यांना आपण अर्ध्या ज्ञानाच्या तोऱ्यात हसायचो, अशी कबुली त्यांनी १८१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या दवावरच्या निबंधात दिली आहे. त्याच वर्षी त्यांना रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेचं पदक मिळालं, आणि ते सुरू केलेलं होतं लोकरीतल्या हवेवर प्रयोग करणाऱ्या त्याच रम्फर्ड यांनी.

म्हणून डोक्यावर नुसती ताडपत्री ताणली तरी फरक पडतो, पाऊस असो वा नसो. झाडाचा दाट विस्तारही तेच काम करतो, फक्त वाळक्या फांदीखाली झोपायचं नाही. ताडपत्रीच्या बाजू मोकळ्या हव्यात. बंदिस्त तंबूत श्वासाची आणि घामाची वाफ आतल्या कापडावर धरते आणि पहाटे थेंब टपकतात. रात्रभरात एका माणसाकडून पाव लिटरच्या आसपास पाणी असं हवेत जातं. याच कारणाने पांघरुणात तोंड खुपसून झोपणं महागात पडतं. कान-डोकं टोपीत बांधून घ्यावं, नाक मात्र बाहेर.

लोकरीची खुबी या ओलाव्यातच कळते. स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा वाफ ती पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. वाफ शोषताना थोडी उष्णताही सोडते. धागा मुळात कुरळा, त्यामुळे भिजल्यावरही तो पूर्ण चपटा होत नाही. सुती चादर ओली झाली की अंगाला चिकटते आणि हवेची जागा पाणी घेतं. लोकर जड असते, वाळायला वेळ घेते आणि टोचते, हे कबूल. तरी दमट रात्री मी कांबळंच उचलेन.

जागा निवडताना बहुतेकांचा पाय ओढ्याकाठच्या सपाटीकडे वळतो. थंड हवा जड असते. उतारावरून ती पाण्यासारखी घरंगळत खाली येते आणि सखल भागात साचते. तिथेच दमटपणाही जास्त. थोडं वर, उताराच्या अंगावर, वारा अडेल अशी जागा बघितली तर काही अंशांची कमाई फुकटात होते.

राहता राहिले पाय. स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या संशोधकांनी १९९९मध्ये दाखवलं की हातपायांच्या रक्तवाहिन्या रुंदावून ते गरम झाले की झोप लवकर लागते. शरीर तिथूनच आतली उष्णता सोडून निवायला लागतं. पायाशी ठेवलेली लिटरभर गरम पाण्याची बाटली ६० अंशांवरून ३५ अंशांवर येईपर्यंत शंभरेक किलोज्यूल देते, म्हणजे चार तास सुमारे सात वॅट. दिसायला किरकोळ, पण पडते नेमक्या जागी. तापवलेला दगड त्याच वजनाच्या पाण्याच्या पाचव्या हिश्शाएवढीच उष्णता धरतो, आणि नदीतला ओला दगड विस्तवात फुटू शकतो. त्यापेक्षा बाटली बरी, बूच घट्ट लावलेली.

एवढं सगळं जमवूनही पहिल्या रात्री पान सळसळलं तरी डोळे उघडतात. यात अंथरुणाचा दोष नाही. २०१६मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं की नव्या जागी पहिल्यांदा झोपताना मेंदूचा डावा अर्धगोल गाढ झोपेतही उजव्यापेक्षा कमी झोपलेला असतो आणि अनोळखी आवाजाला जास्त प्रतिसाद देतो. तीच माणसं पुन्हा त्याच जागी झोपायला आली, तेव्हा हा फरक दिसला नाही.