डिस्कनं मांडलेली वेगळी चूल

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखानदाराच्या टेबलावर दोन कोटेशनं पडली होती. पहिल्यात तीन सर्व्हर, दोन फायबर स्विच आणि एक स्टोरेज बॉक्स. दुसऱ्यात नुसते तीन सर्व्हर, आणि खालची रक्कम मात्र जवळपास तेवढीच. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "भाऊ, याच्यात स्टोरेज कुठंच दिसून नाही राहिलं. लिहाचं विसरले का हे लोक?"

विसरले नव्हते. दुसरं कोटेशन हायपरकन्व्हर्ज्ड इन्फ्रास्ट्रक्चरचं होतं. धंद्यात त्याला एचसीआय म्हणतात. त्यात स्टोरेजचा वेगळा बॉक्स नसतोच, डिस्क सर्व्हरांच्या पोटात असतात. हे ऐकून ते म्हणाले, "पोटात तर आमच्या जुन्या सर्व्हरच्याही होत्या. मग बाहेर काढाले सांगितलं कोणी?"

सांगितलं होतं आम्हीच, ही यंत्रं विकून बसवणाऱ्यांनी, पंधरा वर्षांपूर्वी. आणि तेव्हा ते चूकही नव्हतं.

मी या कामात आलो तेव्हा नागपुरात बर्डीवरच्या ऑफिसांत नेटवेअर हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर चालायचं. एक एसी लावलेली खोली, दाराबाहेर काढलेल्या चपला, आत टेबलाखाली सर्व्हर आणि तिथून निघून टेबलाटेबलांमागून फिरलेली काळी केबल. झाडू मारताना केबलच्या टोकाचा टर्मिनेटर निघाला की अख्खं ऑफिस बसायचं. पण डिस्क कुठं आहे, हा प्रश्न कुणाला पडत नसे. ती त्याच डब्यात. एक डिस्क मेली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक डिस्कांचा जथा करायची रेड ही पद्धत अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडली होती, आणि नव्वदीच्या अखेरीस ती आपल्याकडच्या मध्यम ऑफिसांतही पोचली. तीही डब्याच्या आतच.

घोळ सुरू झाला तो सर्व्हर वाढले तेव्हा. मेलचा एक, हिशेबाचा एक, पगारपत्रकाचा एक. एकाची डिस्क तुडुंब, शेजारच्याची निम्म्याहून जास्त रिकामी, आणि रिकामी जागा उसनी द्यायची सोय नाही. सर्व्हरचा मदरबोर्ड गेला की आतल्या डिस्क ठणठणीत असूनही डेटा कुलपात. मोठ्या बँका आणि कंपन्यांनी यावर आधीच तोडगा काढला होता: डिस्कांना वेगळं घर द्यायचं. ईएमसी कंपनीचं सिमेट्रिक्स हे असं घर १९९० मध्ये आलं. फायबर चॅनलचं मानक १९९४ मध्ये ठरलं आणि सर्व्हर ते स्टोरेज असा स्वतंत्र रस्ता तयार झाला. यालाच सॅन म्हणायचं. डिस्कनं वेगळी चूल मांडली ती अशी.

तरी नागपुरातल्या मध्यम कारखान्याला याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. सॅन त्याच्या दारात आणलं ते व्हर्च्युअलायझेशननं. ही कल्पना आयबीएमच्या मेनफ्रेमवर व्हीएम/३७० या नावानं १९७२ पासून नांदत होती. व्हीएमवेअरनं २००१ मध्ये ईएसएक्स आणून ती साध्या सर्व्हरवर बसवली, आणि एका यंत्रात दहा-पंधरा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालू लागल्या. २००३ मध्ये व्हीमोशन आलं. चालू व्हीएम न थांबवता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न्यायची. मी पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा शेजारच्या खिडकीत पिंग, म्हणजे सतत हाक मारून उत्तर येतं का ते पाहणं, लावून ठेवलं होतं. एक पॅकेट चुकलं, बस. कारखान्याचा हिशेब एका लोखंडातून दुसऱ्या लोखंडात गेला आणि अकाउंटंटला पत्ताही नाही.

पण या जादूला एक अट होती. दोन्ही सर्व्हरना एकच सामाईक डिस्क दिसली पाहिजे. म्हणजे सॅन घेणं आलंच. ज्याच्याकडे चारच सर्व्हर, त्यानंही बँकेला शोभेल असा स्टोरेज बॉक्स घेतला, दोन स्विच घेतले आणि नारिंगी फायबर केबल ओढल्या. मल्टीमोड फायबरचं आवरण तेव्हा बहुतेक नारिंगी असायचं. संत्रानगरीत ते कुणाच्या नजरेत भरलं नाही एवढंच. खरा वैताग होता तो त्यामागच्या कामाचा. प्रत्येक फायबर पोर्टला १६ अंकाक्षरांचा पत्ता. कोणत्या सर्व्हरनं कोणती डिस्क पाहायची हे त्या पत्त्यांवरून झोनिंग करून ठरवायचं. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की डिस्क गायब. माझ्या डायरीत असे पत्ते पानंच्या पानं लिहिलेले आहेत.

एका ग्राहकाकडे (कोणाकडे ते राहू द्या) एका रात्री स्टोरेजचा पहिला कंट्रोलर, म्हणजे डिस्कांचा कारभार पाहणारा भाग, पडला. पडू दे, दुसरा होता. त्यानं काम हातात घेतलं आणि चार मिनिटांत तोही पडला. त्या बॉक्समध्ये सगळं दोन-दोन होतं: पॉवर सप्लाय, पंखे, कंट्रोलर. पण दोन्ही कंट्रोलरांत फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, एकच, त्यामुळे खोटही एकच. तिन्ही सर्व्हर हिरवे दिवे लावून उभे होते, एकालाही साधं पडसं नाही, आणि कारखान्याचं काम शून्य. स्टोरेज कंपनीचा इंजिनीअर तिसऱ्या दिवशी सकाळी विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबईहून उतरला. त्याचं काम वीस मिनिटांचं निघालं. स्टेशनवर त्याला घ्यायला गेलो तेव्हा मनात एकच विचार होता, की या शहरात हा बॉक्स उघडू शकेल असा माणूस नाही आणि आपण तो इथं विकतोय.

तिकडे अमेरिकेत गूगलनं सॅनच्या वाटेलाच न जाता काम सुरू केलं होतं. २००३ मध्ये घेमावत, गोबिऑफ आणि लुंग यांनी गूगल फाइल सिस्टिमवर निबंध लिहिला. त्यातली मूळ धारणा अशी की यंत्रं मरणारच, ती रोजचीच गोष्ट समजा. म्हणून महागडं न मरणारं यंत्र शोधण्याऐवजी स्वस्त यंत्रं भरपूर घ्यायची. फाइलचे ६४ एमबीचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन वेगळ्या यंत्रांवर ठेवायच्या. एक यंत्र गेलं तर उरलेल्या प्रतींवरून नवी प्रत काढायची. विश्वास लोखंडावर नाही, सॉफ्टवेअरवर. डिस्क सर्व्हरात परतण्याची सगळी बीजं या निबंधात आहेत असं मी मानतो. पुढचं बरंचसं बाजाराचं काम.

अर्थात निबंध आला म्हणून उद्या एचसीआय आलं असं झालं नाही. आणखी तीन गोष्टी जुळून याव्या लागल्या, आणि त्या २००८-१० च्या सुमारास आल्या. एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवरची डिस्क, सर्व्हरमध्ये बसण्याइतपत परवडू लागली. दर मिनिटाला १५,००० फेरे घेणारी जुनी डिस्क सेकंदाला जेमतेम दोनशेच्या आत वेडेवाकडे वाच-लिही करायची. एसएसडी हजारोंनी करायची, आणि ती दूरच्या बॉक्समध्ये ठेवून मध्ये कंट्रोलरची चाळणी लावली तर तिचा वेग वाया. दुसरं, प्रोसेसरमध्ये कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे गाभे, वाढले, म्हणून स्टोरेजचं सॉफ्टवेअर पोसायला ताकद शिल्लक राहिली. तिसरं, दहा गिगाबिटचं साधं इथरनेट आवाक्यात आलं आणि नारिंगी फायबरचा मान उतरला.

मधल्या काळात बाजारानं एक अर्धी पायरी चढून पाहिली. २००९ मध्ये सिस्को, ईएमसी आणि व्हीएमवेअर यांनी मिळून व्हीब्लॉक आणलं. सर्व्हर, स्विच, स्टोरेज सगळं तेच, पण कारखान्यातच जोडून, तपासून, एका कपाटात. याचं नाव कन्व्हर्ज्ड. एकत्र बांधलेलं, पण चुली वेगळ्याच. आपल्याकडच्या कारखान्याला ते कपाट कधी परवडलं नाही, तेव्हा ते सोडून देऊ.

त्याच २००९ मध्ये धीरज पांडे, मोहित एरन आणि अजित सिंग यांनी नुटानिक्स सुरू केली. पांडे आयआयटी कानपूरचे. एरन यांनी गूगल फाइल सिस्टिमवर काम केलेलं. २०११ मध्ये त्यांचं पहिलं उत्पादन आलं: रॅकच्या दोन खणांएवढ्या (दोन यू) उंचीच्या डब्यात चार सर्व्हर, डिस्क आतच. सुरुवातीची गिऱ्हाइकं मिळाली ती व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे सगळ्यांचे संगणक सर्व्हरवरच, चालवणारी. सकाळी दहाच्या ठोक्याला दोनशे डेस्कटॉप एकदम उठले की सॅनचा जीव घशाशी यायचा, तिथं हे डबे टिकले. याच धंद्यातली सिंप्लिव्हिटी कंपनीही २००९ मध्येच निघालेली. पुढे व्हीएमवेअरनं २०१४ मध्ये व्हर्च्युअल सॅन आणलं, मायक्रोसॉफ्टनं विंडोज सर्व्हर २०१६ मध्ये तशीच सोय दिली, आणि 'हायपर' हे शेपूट (खरं तर शिंग) सगळ्यांच्या कॅटलॉगला लागलं.

आत काय चालतं ते हिंगण्याच्या त्या मालकांना मी कागदावर काढून दाखवलं. तीन नोड, म्हणजे तीन सर्व्हर. पहिल्या नोडवरच्या व्हीएमनं एक व्हाउचर सेव्ह केलं. ते लिखाण प्रत्यक्ष डिस्कवर जाण्याआधी स्टोरेजच्या सॉफ्टवेअरच्या हाती लागतं. ते एक प्रत घरच्या एसएसडीवर लिहितं, दुसरी नेटवर्कवरून दुसऱ्या किंवा तिसऱ्या नोडवर पाठवतं, आणि दोन्हीकडून होकार आला की मगच व्हीएमला "झालं" म्हणतं. रात्री पहिला नोड मेला तर ती व्हीएम दुसऱ्यावर नव्यानं सुरू होते, व्हाउचर तिथं असतंच, आणि जिची जोड हरवली अशा प्रत्येक तुकड्याची नवी प्रत आपोआप बनू लागते. तीन नोड का, दोन का नाही? कारण दोघांचं आपसातलं नेटवर्क तुटलं तर दोघंही म्हणणार, दुसराच मेला, मालक मी. तिसरा पंच लागतो. दोनच नोड घेतले तर बाहेर एक छोटा साक्षीदार बसवावा लागतो. त्याचं तांत्रिक नावच विटनेस आहे.

इथं हिशेब करताना लोक फसतात, म्हणून जरा थांबतो. प्रत्येक नोडात १० टीबी, तीन नोड, म्हणजे ३० टीबी असं कोटेशन म्हणतं. प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती, तेव्हा राहिले १५. एक नोड मेल्यावर उरलेल्या दोनांत सगळ्याच्या पुन्हा दोन प्रती मावायला हव्यात, तर वापरायला १०. त्यातून स्टोरेजचं सॉफ्टवेअर प्रत्येक नोडावरची थोडी रॅम आणि काही कोअर स्वतःसाठी राखून ठेवतं. विक्रेता डिडुप (तोच डेटा पुन्हा न साठवणं) आणि कॉम्प्रेशन (डेटा आवळणं) यांचं गाजर दाखवून हा आकडा पुन्हा फुगवतो. तुमचे ड्रॉइंग आणि स्कॅन आधीच आवळलेले असतील तर त्यातून फारसं काही निघत नाही.

आमच्याकडे एचसीआय रुजलं ते मला वाटतं वेगामुळे नाही, माणसामुळे. एकाच पडद्यावर सर्व्हर, डिस्क, व्हीएम सगळं दिसतं, आणि झोनिंगची डायरी कपाटात जाते. बुटीबोरीच्या कारखान्यातला एकटा आयटीवाला पोरगा ते सांभाळतो. विदर्भ एक्स्प्रेसची वाट पाहावी लागत नाही. दुसरं कारण उन्हाळा. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या पुढं जातो, नवतप्यात बाहेरचं कॉम्प्रेसर धापा टाकतं आणि सर्व्हर रूमच्या एसीवरच सगळ्यांचा जीव टांगलेला. रॅकमधली साडेतीन किलोवॉट उष्णता ओढायला साधारण एक टनाचा एसी लागतो. स्टोरेज बॉक्स आणि स्विच गेले की तेवढा भार हलका. पण खोली एक, तर धोका एकच. तिन्ही नोड एकाच एसीखाली असतील तर सगळ्या प्रती एकदम तापतात. आणि त्या पडलेल्या दोन कंट्रोलरांसारखं इथंही आहे. नोड तीन, सॉफ्टवेअर एकच. बॅकअपचा खर्च वाचतो असं जो सांगेल त्याला चहा पाजून परत पाठवावं.

आता पैशाकडे. लोखंड स्वस्त झालं, पण विश्वास सॉफ्टवेअरवर टाकला म्हटल्यावर बिलही सॉफ्टवेअरचंच येणार. ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर विकत घ्यायचं २०२२ मध्ये जाहीर केलं, नोव्हेंबर २०२३ मध्ये व्यवहार पुरा झाला आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबली. आता वर्षाचं भाडं, कोअर मोजून, आणि एका प्रोसेसरला कमीत कमी १६ कोअर धरून. आठ कोअरचा प्रोसेसर असला तरी १६ चे पैसे. ज्यांनी सर्व्हर घेताना लायसन्स एकदाच भरून टाकलं होतं, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारं) आणि सेफ (डिस्क सांभाळणारं) हे जोडशब्द मला महिन्यातून चारदा तरी ऐकू येतात. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर, पैसे कमी. पण सेफ शिकायला वेळ लागतो आणि चुकलं तर रात्री फोन माझाच वाजतो.

लोखंडवाल्यांतही उलथापालथ चालूच आहे. सिंप्लिव्हिटी २०१७ मध्ये एचपीईनं ६५ कोटी डॉलरला घेतली. सिस्कोनं स्वतःचं हायपरफ्लेक्स २०२३ मध्ये गुंडाळायला घेतलं आणि नुटानिक्सशी हात मिळवला. गंमत पुढं आहे. स्टोरेजचा बॉक्स मोडीत काढा असं सांगत मोठी झालेली नुटानिक्स बाहेरच्या स्टोरेजलाही जोडू देऊ लागली; २०२४ मध्ये तिनं आधी डेलचं पॉवरफ्लेक्स जाहीर केलं, मग प्युअर स्टोरेज कंपनीचं. कारण साधं आहे. काहींना डिस्क भरपूर हव्या असतात, प्रोसेसर नको असतो, आणि एचसीआयमध्ये जागा वाढवायची तर बहुतेक वेळा अख्खा नोड आणि त्याचं लायसन्सही घ्यावं लागतं. डिस्कनं पुन्हा वेगळी चूल मांडायला घेतली आहे.

हिंगण्याच्या मालकांना एवढं सगळं ऐकवल्यावर त्यांनी दोन्ही कोटेशनं बाजूला सारली. त्यांचा सगळा डेटा चार टीबीचा. शेवटी दोन नोड घेतले, प्रत्येक लिखाण दोन्हीकडे जाणारे, एक सर्व्हर रूममध्ये आणि दुसरा शेडच्या पलीकडच्या टोकाला, वेगळ्या एसीखाली. साक्षीदार म्हणून हिशेबाच्या खोलीतला एक जुना पीसी लावला. तो काही करत नाही, नुसता पाहतो, हे समजावल्यावर मालक म्हणाले, "म्हणजे आमच्या सुपरवायजरसारखा. पण याले पगार नाही ना?"