उत्तर श्रीलंकेतील मुस्लिमांची हकालपट्टी (१९९०)

श्रीलंकेतील यादवी युद्धाच्या काळात, ऑक्टोबर १९९० मध्ये, वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईलम (लिट्टे) या संघटनेने उत्तर प्रांतातून जवळजवळ सर्व मुस्लिमांना हुसकावून लावले. विस्थापितांची संख्या साधारणपणे ७० ते ७५ हजार मानली जाते.

या मुस्लिमांची मातृभाषा तमिळच. पण श्रीलंकेत त्यांची गणना स्वतंत्र वांशिक गट म्हणून होते, आणि वेगळ्या तमिळ राष्ट्राच्या मागणीला त्या समाजाचा सरसकट पाठिंबा नव्हता. जून १९९० मध्ये सरकार व लिट्टे यांच्यात लढाई पुन्हा पेटली आणि पूर्व प्रांतात या दुराव्याने रक्तपाताचे रूप घेतले. ३ ऑगस्टला कात्तान्कुडी येथील मशिदींत नमाज पढणाऱ्या शंभराहून अधिक मुस्लिमांना लिट्टेने ठार केले. तिकडे तमिळ गावांवरही सूडाचे हल्ले झाले. उत्तरेतील मुस्लिमांचा या कशाशीही संबंध नव्हता.

हकालपट्टीची सुरुवात ऑक्टोबरच्या मध्यावर जाफना शहराजवळच्या चावकच्चेरीत झाली. ३० ऑक्टोबरला जाफना शहरातील मुस्लिमांना ध्वनिक्षेपकावरून ओस्मानिया कॉलेजच्या मैदानावर बोलावून दोन तासांत शहर सोडण्याचा हुकूम देण्यात आला. वाटेतल्या नाक्यांवर झडती घेऊन पैसे, दागिने काढून घेतले गेले. उत्तरेतीलच मन्नार जिल्ह्याचे अनेक जण होड्यांतून दक्षिणेकडे, पुत्तलम जिल्ह्यातील कल्पिटीयच्या किनाऱ्याला लागले. बहुतेकांना आसरा मिळाला तो पुत्तलम जिल्ह्यात, झावळ्यांच्या झोपड्यांत.

काही मुस्लिम सैन्याला खबरा पुरवतात, असा लिट्टेचा संशय या हकालपट्टीमागे होता. तो काही व्यक्तींबाबत खरा धरला, तरी तान्ह्या मुलांसकट अख्खा समाज देशोधडीला लावण्याचे समर्थन होऊ शकत नाही. जाफना विद्यापीठातील प्राध्यापकांच्या मानवी हक्क गटाने, म्हणजे तमिळांनीच, या कृतीचा लेखी निषेध केला. त्या दहशतीच्या काळात हे मोठे धाडस होते. पुढे २००२ मध्ये लिट्टेचे मुख्य वाटाघाटीकार अँटन बालसिंगम यांनी ही चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले.

मे २००९ मध्ये युद्ध संपले, तरी परतणे सोपे झाले नाही. शासनदरबारी हे ‘जुने विस्थापित’ ठरले आणि मदतीत मागे पडले. घरे मोडली होती, काही जमिनींवर दुसऱ्यांची वस्ती होती. वीस वर्षांत कुटुंबे वाढली होती, मुलांच्या शाळा पुत्तलममध्ये होत्या. विल्पत्तू राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तरेकडील काही जुन्या वस्त्यांची जमीन २०१२ मध्ये राखीव वनात घातली गेली. तिथे परतणाऱ्यांना २०१५ च्या सुमारास जंगल तोडणारे अतिक्रमक म्हणून हिणवण्यात आले.