निषेधगीतांचे पुनःश्रवण

एखाद्या लोकगायक-कवीच्या उमेदीच्या, निषेधाच्या काळातल्या ध्वनिमुद्रिका बऱ्याच वर्षांनी पुन्हा काढायच्या आणि त्याच्या इतर चाहत्यांसोबत बसून पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग ऐकायच्या, असा हा प्रघात. सोलापुरात त्याला असे भारदस्त नाव कोणी देत नाही. ‘रविवारी ऐकायला बसू या’ एवढेच म्हणतात. आठ-दहा माणसे, कोणाच्या तरी घरची बाहेरची खोली, एक बरा स्पीकर आणि गाण्यांचे शब्द छापून आणलेले कागद एवढ्यावर भागते. गाणे चालू असताना बोलायचे नाही, हा एकच नियम. तो पहिली दोन गाणी पाळला जातो.

जगभरात अशा बैठकींसाठी सर्वाधिक निवडला जाणारा गायक बहुधा बॉब डिलनच असावा. २४ मे १९४१ रोजी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात ड्युलुथ येथे जन्मलेला हा मुलगा हिबिंग या लोहखनिजाच्या खाणींच्या गावात वाढला आणि १९६१ च्या जानेवारीत न्यू यॉर्कला आला. मार्च १९६२ मधल्या त्याच्या पहिल्या मुद्रिकेत स्वतःची गाणी दोनच होती. निषेधाचा डिलन म्हणतात तो पुढच्या दोन मुद्रिकांत सापडतो : २७ मे १९६३ ची ‘द फ्रीव्हीलिन बॉब डिलन’ आणि १९६४ च्या सुरुवातीला आलेली ‘द टाइम्स दे आर अ-चेंजिन’. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चौथी मुद्रिका आली, तेव्हा तो या वाटेवरून बाजूला झालेला होता. म्हणजे सगळा मामला जेमतेम दोन वर्षांचा आणि एका दुपारी ऐकून संपणारा. पुनःश्रवणाला तो सोयीचा पडतो याचे हेही एक साधे कारण आहे.

सोलापूरच्या श्रोत्याला ही गाणी ऐकताना फारसे परके वाटत नाही, कारण घडलेल्या गोष्टीचे गाणे करून ती गावोगाव सांगायची रीत मराठीत जुनी आहे. अफझलखानवधाचा पोवाडा रचणारा अगिनदास हा शिवकालातला. सोलापूर तर शाहीर राम जोशींचे गाव. याच जिल्ह्यातल्या बार्शीत १९१६ साली जन्मलेले अमर शेख गिरणी कामगारांत वाढले, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकात उभे राहिले आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी मैदाने गाजवली. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक विणकर घरांत तेलुगू लोकगायक गद्दर यांची गाणी माहीत असणारी माणसे भेटतात. त्यामुळे डिलन ऐकायला बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या कानात आधीपासून दुसरेच कोणीतरी गात असते, आणि तुलना आपोआप सुरू होते.

पहिली तुलना वाद्यांची. पोवाड्यात डफ, तुणतुणे, झांज आणि मागे झीलकरी असतात. शाहिराने ओळ फेकली की ते ‘जी जी रं’ म्हणत ती उचलून धरतात आणि शाहिराला श्वास घ्यायला सवड मिळते. डिलन या मुद्रिकांत जवळजवळ सगळीकडे एकटाच आहे. हातात गिटार आणि गळ्यात तारेच्या पट्टीवर बसवलेला तोंडाने वाजवायचा बाजा, म्हणजे हार्मोनिका. एक कडवे झाले की ती वाजते. ही हार्मोनिकाच त्याची झीलकरी आहे, असे एका बैठकीत कोणीतरी म्हणाले होते. त्यावर ‘मग ती बेसूर का?’ हा प्रश्न आला आणि दहा मिनिटे गेली.

दुसरी तुलना चालींची. नव्या शब्दांना जुनी चाल लावणे यात मराठी माणसाला चोरी दिसत नाही; कलापथकांनी आणि आंबेडकरी जलशांनी ते उघडपणे केले, कारण चाल ओळखीची असली की शब्द लवकर तोंडी बसतात. डिलननेही तेच केले. ‘ब्लोइन इन द विंड’ची चाल गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या ‘नो मोअर ऑक्शन ब्लॉक’ या जुन्या गाण्यावर बेतलेली आहे, तर ‘मास्टर्स ऑफ वॉर’ची ‘नॉटॅमन टाउन’ या लोकगीतावर. पहिल्यांदा ऐकताना हे कळत नाही. मूळ गाणे आधी आणि डिलनचे मागाहून असे लावले की पाचव्या सेकंदाला कोणीतरी मान डोलावते. पुनःश्रवणाची खरी मजा इथे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत.

तिसरी गोष्ट बातमीची, आणि बैठक सगळ्यात जास्त रेंगाळते ती इथेच. निषेधाच्या गाण्यावर नेहमीचा आक्षेप असा की ते वर्तमानपत्रासारखे लवकर शिळे होते. माणसांची नावे विसरली की गाणे मेले. तिसऱ्या मुद्रिकेतले हॅटी कॅरोलवरचे गाणे याला छेद देते. हॅटी कॅरोल ही बॉल्टिमोरच्या एका हॉटेलात काम करणारी ५१ वर्षांची कृष्णवर्णीय स्त्री. फेब्रुवारी १९६३ मध्ये तिथल्या समारंभात विल्यम झँटझिंगर या २४ वर्षांच्या श्रीमंत गोऱ्या तरुणाने दारूच्या नशेत तिला छडीने मारले. काही तासांत मेंदूतल्या रक्तस्रावाने ती वारली. आरोप आधी खुनाचा होता, तो सदोष मनुष्यवधावर आला आणि शिक्षा झाली सहा महिन्यांची. शिक्षा सुनावली गेली तो दिवस २८ ऑगस्ट १९६३, म्हणजे वॉशिंग्टनला नागरी हक्कांसाठी लाखोंचा मोर्चा निघाला तोच. त्या मोर्चात डिलन गायला होता.

गाण्याची रचना कागद हातात घेऊन पाहण्यासारखी आहे. आधी मारहाण, मग मारणाऱ्याचे घराणे, मग मरणारीचे कष्ट. तिने उष्टी टेबले पुसली हे सांगताना ‘टेबल’ हा शब्द तीन ओळींच्या शेवटी तीनदा येतो. तेच ते काम रोज करणाऱ्या बाईसारखा. प्रत्येक कडव्यानंतर गायक श्रोत्यांना बजावतो, की रुमाल आत ठेवा, अजून रडायची वेळ झालेली नाही. शेवटच्या कडव्यात न्यायाधीश शिक्षा सांगतो, आणि तेव्हा कुठे तो म्हणतो की आता काढा. ती कृष्णवर्णीय होती हे गाण्यात एकदाही सांगितलेले नाही. बैठकीत हे लक्षात आणून दिले की लोक कागद पुन्हा वरून खाली वाचतात. शाहिराच्या हिशेबाने गाण्यात चुकाही आहेत : आरोपीच्या आडनावातले एक अक्षर गळले आहे आणि आरोप सौम्य झाल्याचा उल्लेखच नाही. पण झँटझिंगरचे नाव आज कोणाला माहीत असेल तर ते याच गाण्यामुळे.

याच मुद्रिकेतले मेडगर एव्हर्स यांच्या खुनावरचे गाणे मात्र उलट वाटेने जाते. नागरी हक्क चळवळीच्या या कार्यकर्त्याला १२ जून १९६३ रोजी मिसिसिपीतल्या जॅक्सन येथे घराच्या अंगणात गोळी घातली गेली. डिलन एव्हर्सचे नाव घेतो, मारेकऱ्याचे घेत नाही; तो फक्त दुसऱ्यांच्या डावातले प्यादे आहे म्हणतो. प्रत्यक्षात मारेकऱ्याला शिक्षा व्हायला १९९४ साल उजाडले. यावर सोलापुरात वाद ठरलेला. चार हुतात्म्यांच्या शहरात ‘नाव न घेणे’ सहज पचत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन ही १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्यांची नावे इथे चौकात उभी आहेत. पण ती गेलेल्यांची नावे. फाशी देणाऱ्यांची कोणाला आठवतात? हा प्रतिप्रश्न आला की चहा येतो.

गिरणीचे शहर म्हणून सोलापूरला सगळ्यात जवळचे गाणे मात्र वेगळेच, ‘नॉर्थ कंट्री ब्लूज’. प्रसिद्धीच्या हिशेबाने ते मागच्या रांगेतले. खाणीच्या गावाची ही हकिगत शाहिरासारखी ‘या, बसा, सांगतो’ म्हणतच सुरू होते. निवेदन पुरुषाच्या आवाजात चालते आणि मध्येच एका ओळीत कळते की शाळा सोडून खाणकामगाराशी लग्न केलेली बाई बोलते आहे. मग खाणीतली कामाची पाळी कमी होते. मग कंपनीचा माणूस येऊन सांगतो की इथले खनिज महाग पडते, दक्षिण अमेरिकेत माणसे जवळजवळ फुकट राबतात. खाण बंद होते, नवरा पिऊ लागतो, एका सकाळी अंथरूण रिकामे असते आणि पोरे मोठी झाली की तीही जातील हे तिला ठाऊक असते. डिलन हिबिंगचा असल्याने त्याने हे जवळून पाहिले होते.

सोलापुरात १८७७ साली उभी राहिलेली जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या एकेक करून थंडावल्या. ज्यांच्या घरी भोंग्यावर घड्याळ लावत, रातपाळीचा डबा जात असे, त्यांना या गाण्याचा अर्थ मराठीत सांगावा लागत नाही. एरवी बडबडी असलेली बैठक इथे गप्प होते. गाणे संपल्यावर कोणी बोललेच तर ते डिलनविषयी नसते. कोणाच्या वडिलांना फंडाचे पैसे किती वर्षांनी मिळाले, आई विड्या वळायला कधी बसली, असले काहीतरी असते.

एक दोषही नोंदवला पाहिजे. तिसरी मुद्रिका सलग ऐकणे जड जाते. दहाच्या दहा गाणी डिलनची स्वतःची, पण विनोद जवळपास नाही. दुसरीत तो आहे. त्या मुद्रिकेतली चार गाणी ऐन वेळी बदलली गेली. काढलेल्यांपैकी एक कम्युनिस्टद्वेष्ट्या जॉन बर्च सोसायटीची टर उडवणारे होते. तेच गाणे मे १९६३ मध्ये दूरचित्रवाणीवर गाऊ दिले नाही म्हणून डिलन एड सलिव्हनच्या कार्यक्रमातून निघून गेला. काही जुन्या प्रती ही गाणी घेऊन बाहेर पडल्या, आणि संग्राहक त्यांसाठी वाटेल ती किंमत मोजतात. सोलापुरात अशी प्रत कोणाकडे असण्याचा संभव नाही. सगळे मोबाइलवरून ऐकतात.

भाषांतराचा खटाटोप प्रत्येक बैठकीत होतो आणि ‘अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल’ (जोराचा पाऊस कोसळणार आहे) या गाण्यापाशी अडतो. आईने लेकाला विचारायचे आणि लेकाने सांगायचे, ही त्याची ठेवण ‘लॉर्ड रँडल’ या जुन्या बॅलडची, म्हणजे कथागीताची. भोंडल्याची सवाल-जवाबाची गाणी ऐकलेल्यांना ती लगेच उमगते. हे गाणे क्यूबाच्या क्षेपणास्त्र संकटातून आले अशी आख्यायिका आहे. पण ते संकट ऑक्टोबर १९६२ मधले, आणि डिलनने गाणे त्याआधीच, सप्टेंबरमध्ये, गायले होते. हा पाऊस अणुबाँबचा नाही, नुसता जोराचा पाऊस आहे, असे त्याने स्टड्स टर्केल यांना मुलाखतीत सांगितले होते.

आता त्या पावसाला मराठीत काय म्हणायचे? ‘मुसळधार’ हा कोशातला शब्द. पण सोलापूर जिल्ह्यात मुसळधार पावसाची कोणाला भीती? त्याची तर वाट पाहतात. एका कागदावर ‘मुसळधार’ खोडून पेन्सिलीने ‘गारपीट’ लिहिलेले आहे. लिहिणाऱ्याची पंढरपूरकडे द्राक्षाची बाग होती.