भावस्पर्शी व्हिडिओ गेम

ज्या व्हिडिओ गेममधील पात्रे, प्रसंग किंवा खेळाडूने स्वतः घेतलेले निर्णय मनात खोलवर उतरतात आणि खेळ संपल्यानंतरही शोक, अपराधभाव, माया किंवा हुरहुर या रूपांत टिकून राहतात, त्या खेळांना भावस्पर्शी म्हटले जाते. हा वर्ग यंत्रावरून ठरत नाही. केवळ मजकुरावर चालणारे जुने खेळ, कन्सोलवरील (टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावरील) खर्चिक खेळ आणि मोबाइलवरील छोटे खेळ हे सर्व त्यात येतात. भयखेळांची परंपरा स्वतंत्र असल्याने ते येथे वगळले आहेत. जिंकण्याची ईर्षा आणि हरल्यावरची चरफड प्रत्येक खेळातच असते, म्हणून तिचाही विचार केलेला नाही. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील, म्हणजे खानदेशातील, खेळाडूंचा या खेळांशी आलेला संबंध उत्तरार्धात दिला आहे.

प्रारंभाविषयीचे मतभेद : खेळाडूला रडवणारा पहिला खेळ कोणता, यावर एकमत नाही. काही जण हा मान ‘मिसाइल कमांड’ला (अटारी, १९८०) देतात. डेव्ह थ्युरर यांनी रचलेल्या या खेळात सहा शहरांचे क्षेपणास्त्रांपासून रक्षण करायचे असते. मारा थांबतच नाही, त्यामुळे शहरांचा नाश अटळ असतो आणि अखेरीस पडद्यावर ‘गेम ओव्हर’ऐवजी ‘द एंड’ ही अक्षरे उमटतात. अणुयुद्धाच्या धास्तीचा तो काळ लक्षात घेता या शेवटाचा धसका खरा मानावा लागतो. पण ज्याच्यासाठी हळहळावे असे एकही पात्र त्यात नाही. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने त्यानंतर वर्षभराच्या सुमारास एक जाहिरात काढून, संगणक माणसाला रडवू शकेल का, असा प्रश्न विचारला होता. इतिहासकार तिचा उल्लेख आवर्जून करतात, परंतु ती आकांक्षा होती; तिला खेळाचा पुरावा म्हणता येत नाही.

बहुतेक अभ्यासक ज्या खेळापाशी थांबतात तो ‘प्लॅनेटफॉल’ (इन्फोकॉम, १९८३, लेखक स्टीव्ह मेरेट्झ्की). या खेळात चित्र एकही नाही. पडद्यावर मजकूर उमटतो आणि खेळाडू आज्ञा टाइप करून पुढे जातो. निर्मनुष्य ग्रहावर अडकलेल्या खेळाडूला फ्लॉइड नावाचा, लहान मुलासारखा बागडणारा यंत्रमानव सोबती म्हणून मिळतो. हिंस्र जीवांनी भरलेल्या प्रयोगशाळेतून एक कार्ड आणायची वेळ येते, तेव्हा मी जातो असे फ्लॉइड आपण होऊन म्हणतो. दार उघडण्याची आज्ञा खेळाडूलाच द्यावी लागते. फ्लॉइड आत गेल्यावर ते लावून घेण्याची आज्ञाही त्याचीच. मग आतल्या झटापटीचे वर्णन वाचत थांबायचे आणि तीनदा टकटक झाली की पुन्हा दार उघडायचे. फ्लॉइड कार्ड घेऊन बाहेर येतो आणि खेळाडूच्या मांडीवर डोके ठेवून प्राण सोडतो. खेळ यशस्वीपणे पुरा केल्यास शेवटी तो दुरुस्त होऊन परत येतो. या परतण्याने आधीचा शोक उणावतो, असा आक्षेप काहींनी घेतला आहे.

जपानी खेळांचे अभ्यासक ‘फँटसी स्टार २’मधील (सेगा, १९८९) नेई या मुलीच्या मृत्यूकडे बोट दाखवतात. त्या खेळात इतर सोबत्यांना प्रयोगशाळेत पुन्हा जिवंत करता येते, नेईला मात्र नाही. ‘फायनल फँटसी ७’मधील (स्क्वेअर, १९९७) एरिस या सोबतीण पात्राचा मृत्यू सर्वांत प्रसिद्ध खरा, पण कालक्रमाने तो बराच नंतरचा आहे आणि तो घडताना खेळाडूच्या हातात काहीच नसते, ध्वनिचित्रफितीसारखा तो समोर घडत जातो. त्यामुळे आद्यत्वाचा मान ‘प्लॅनेटफॉल’ला देणे अधिक सयुक्तिक वाटते. त्याचे कारण केवळ सनावळीत नाही. ज्या दारातून फ्लॉइड मरणाकडे गेला ते खेळाडूने स्वतः उघडलेले असते, आणि या खेळप्रकाराचे पुढचे सारे सामर्थ्य त्या एका दारात दिसते.

करुण आणि विप्रलंभ : गेममधील मृत्यूचे स्वरूप समजून घ्यायला भारतीय रसविचारातील एक भेद फार उपयोगी पडतो. नाट्यशास्त्राचा काळ साधारणपणे इ.स.पू. दुसरे शतक ते इ.स. दुसरे शतक असा सांगितला जातो, आणि त्याचा आजचा पाठ एकाच वेळी सिद्ध झाला नसावा असे मानण्याकडे कल आहे. त्यात करुण आणि विप्रलंभ शृंगार (विरहातील शृंगार) यांतील फरक स्पष्ट केला आहे : करुण हा निरपेक्ष, म्हणजे पुनर्भेटीची आशाच उरलेली नसताना उद्भवणारा, तर विप्रलंभ हा सापेक्ष, आशेचा धागा शिल्लक असलेला. व्हिडिओ गेमची अडचण नेमकी येथे आहे. मेलेला नायक पुढच्या क्षणी उठून उभा राहतो, जुनी ‘सेव्ह’ (खेळाची आधी जतन केलेली स्थिती) उघडली की घडलेले पुसले जाते, आणि ‘लाइफ’ हा शब्दच तेथे मोजून मिळणाऱ्या वस्तूसाठी वापरला जातो. अशा जगात शोक हा करुणरसाचा स्थायिभाव, म्हणजे मूळ टिकाऊ भाव, रुजायचा, तर रचनाकाराला आशेची वाट मुद्दाम बंद करावी लागते. नेईच्या प्रसंगी प्रयोगशाळा असमर्थ ठरते ती याचसाठी. एरिसला परत आणण्याची काही गुप्त युक्ती आहे, अशा वार्ता खेळाडूंमध्ये पुढे कित्येक वर्षे फिरत राहिल्या. त्या खोट्या होत्या. पण करुणाला विप्रलंभात ओढून नेण्याची ती धडपड होती असे म्हटले, तर खेळाडूंच्या दुःखाचा खरेपणा ध्यानात येतो.

रसनिष्पत्तीच्या, म्हणजे रस कसा निर्माण होतो याच्या, उपपत्तींपैकी भट्टनायकाचा साधारणीकरणाचा विचार आणि त्याला अभिनवगुप्ताने (दहाव्या शतकाचा उत्तरार्ध ते अकराव्याचा पूर्वार्ध) दिलेले रूप या खेळांना कितपत लागू पडते, हा अधिक अवघड प्रश्न आहे. साधारणीकरण म्हणजे असे : प्रेक्षकाचा शोक आस्वाद्य होतो, कारण तो ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ राहत नाही. गेममध्ये मात्र ‘हे माझ्या हातून झाले’ ही जाणीव जाता जात नाही, उलट ती पक्की केली जाते. नाटक पाहणाऱ्याला रामाच्या निर्णयाचा पश्चात्ताप होत नाही. खेळणाऱ्याला स्वतःच्या निर्णयाचा होतो. गेमच्या अभ्यासक कॅथरिन इस्बिस्टर यांनी २०१६ मधील आपल्या ग्रंथात हाच मुद्दा निराळ्या परिभाषेत मांडला आहे : निवड खेळाडूची असल्यामुळे अपराधभावासारखे भाव गेममधून जसे जागवता येतात, तसे केवळ पाहण्या-वाचण्याच्या कलांतून येत नाहीत. खानदेशातील वाचकाला हा फरक कानबाईच्या उत्सवावरून चटकन कळेल. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, ज्या हातांनी नारळाला दागिने घालून कानबाई बसवायची, रात्र जागवायची, त्याच हातांनी सोमवारी तिला नदीवर बोळवायचे असते. तेथे प्रेक्षक नसतो, आणि निरोपाच्या वेळी भरून येणारे डोळे पाहणाऱ्याचे नसून करणाऱ्याचे असतात.

कथा की नियम : गेममधील भाव कथेतून येतो की नियमांच्या रचनेतून, हा वाद साधारण १९९७ पासून पुढे आठ-दहा वर्षे गाजला. जॅनेट मरे यांच्यासारखे अभ्यासक गेमकडे कथनाचे नवे माध्यम म्हणून पाहत होते, तर एस्पेन ऑर्सेथ व येस्पर यूल यांनी नियम व कृती यांना प्राधान्य दिले. मराठीत या वादाचे एक जुने प्रतिरूप सापडते. बालपण खानदेशात गेलेले बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) यांनी कलाकृतीचे सौंदर्य संवाद, विरोध आणि समतोल या लयींच्या रचनेत पाहिले, आशयाच्या थोरवीत नव्हे. त्यांच्या विचाराची कसोटी ‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’ (स्टारब्रीझ, २०१३, दिग्दर्शक जोसेफ फारेस) या खेळाला लावून पाहण्याजोगी आहे.

या खेळात आजारी वडिलांसाठी औषधी पाणी आणायला दोघे भाऊ निघतात. डाव्या अंगठ्याखालची कळ थोरल्याला चालवते, उजव्या अंगठ्याखालची धाकट्याला. आई बुडून गेल्यामुळे धाकट्याला पाण्याची भीती आहे. नदी आली की तो थोरल्याच्या पाठीला बिलगतो आणि थोरला पोहतो. सुरुवातीला दोन्ही हात एकमेकांत अडखळतात, तास-दीड तासात त्यांची जोडी जमते. मग थोरला मरतो. त्याला खड्ड्यापर्यंत ओढत नेणे आणि त्याच्यावर माती लोटणे हे खेळाडूलाच करावे लागते, तेही फक्त उजव्या हाताने. डाव्या हाताला करायला काही उरत नाही. परतीच्या वाटेवर नदी येते. धाकटा काठावर अडतो, कितीही पुढे रेटला तरी मागे सरतो. थोरल्यासाठी राखलेली डावी कळ दाबली, तरच तो पाण्यात उतरतो. येथे एकही वाक्य उच्चारलेले नाही, आणि सर्व पात्रांची भाषा मुळातच कल्पित, कोणालाही न कळणारी आहे. बोटांना झालेली सवय, तिचा भंग आणि तिचे अनपेक्षित परतणे एवढ्यावर हा शोक उभा आहे. नियमवाद्यांचे म्हणणे याहून ठामपणे सिद्ध करणारे उदाहरण सापडणे कठीण; तरीही भावांची कथा काढून घेतली तर ती कळ नुसती कळच राहील, हे कथनवाद्यांचे उत्तरही खोडता येत नाही.

इतर उल्लेखनीय खेळ : ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्ये (२००५, फुमितो उएदा) सोळा महाकाय जीवांना मारायचे असते, त्यांतील अनेक स्वतःहून वाटेला जात नाहीत, आणि प्रत्येक विजयानंतर वाजणारे संगीत शोकाचे असते. ‘जर्नी’मध्ये (२०१२; जेनोव्हा चेन) दोन अनोळखी खेळाडू एकही शब्द न बोलता वाळवंट पार करतात. युद्धविषयक खेळांत सारायेव्होच्या वेढ्यावरून (१९९२–९६) सुचलेला ‘धिस वॉर ऑफ माइन’ (११ बिट स्टुडिओज, २०१४) हा पोलिश खेळ विशेष महत्त्वाचा. त्यात खेळाडू सैनिक नसून उपाशी नागरिक असतो, आणि एका घरातल्या म्हाताऱ्या जोडप्याचे अन्न व औषधे लुटायची की नाही हे त्याला ठरवावे लागते. लुटली, तर त्याची माणसे जगतात पण मनाने खचतात. पुण्यातील नोडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) हा हरवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीचा खेळ भारतीय निर्मितीतील ठळक होय.

खानदेशातील संबंध : येथे व्हिडिओ गेमची ओळख झाली ती टीव्हीला जोडायचे स्वस्त संच आणि त्यांच्या पिवळ्या कॅसेटी यांतून, आणि पार्लरमधील ‘मुस्तफा’ या नावाने देशभर परिचित असलेल्या मारामारीच्या खेळातून. पुढे सायबर कॅफे आले. कथाप्रधान खेळांना लागणारा कन्सोल किंवा ताकदीचा संगणक थोड्याच घरांत पोहोचला आणि मोबाइल हेच मुख्य साधन राहिले. त्यामुळे भावनिक गुंतवणूक घडली ती लिहिलेल्या पात्रांपेक्षा सोबतच्या माणसांत. पबजीसारख्या खेळात चौघांच्या गटातील एक जण कोसळला, की दुसऱ्याने त्याच्याजवळ बसून काही सेकंद स्वतः उघड्यावर राहून त्याला उठवायचे असते. सुरतेला कामासाठी गेलेला भाऊ आणि शिरपूर किंवा शहाद्याकडे गावी राहिलेला भाऊ रात्री एकाच गटात येतात, आणि ‘थांब भो, मी वनू’ (थांब भाऊ, मी आलो) हे अहिराणी शब्द माइकवरून ऐकू येतात, तेव्हा तो खेळ भावस्पर्शी नाही असे म्हणण्याचे धाडस करू नये. गेमच्या संशोधक निकोल लझारो यांनी २००४ मध्ये खेळातील भावांचे जे चार स्रोत सांगितले, त्यांपैकी माणसांच्या संगतीतून येणारा आनंद तो हाच. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीवर बंदी घातली, तेव्हा टाळेबंदीच्या काळात तुटलेल्या अनेक भेटींची ही जागाही गेली. पालकांना मात्र त्यात अभ्यासाची सुटका दिसली, आणि तीही अकारण नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात खेळविकाराची (गेमिंग डिसऑर्डरची) नोंद आहे, हे येथे लक्षात ठेवावे लागते.

‘ब्रदर्स’, ‘लिंबो’, ‘धिस वॉर ऑफ माइन’ यांसारखे खेळ नंतर मोबाइलवर आले. त्यांपैकी ज्यांत बोलणे नाही किंवा नावापुरते आहे, त्यांना इंग्रजीची अडचण येत नाही. ‘ब्रदर्स’मधील कल्पित भाषा यावलच्या मुलाला जेवढी अनोळखी, तेवढीच स्टॉकहोमच्या. मात्र मोठे कथाप्रधान खेळ येथे मुख्यतः पाहिले जातात : दुसरा कोणी खेळत असलेला, हिंदी निवेदनाचा व्हिडिओ एका मोबाइलभोवती ओट्यावर बसून तीन-चार जण मिळून पाहतात. अशा पाहण्याला साधारणीकरणाचा विचार पूर्णपणे लागू होतो, कारण कळ दुसऱ्याच्या हातात असते. डोळे ओलावतात, पण अपराधभाव येत नाही.

पाहणे आणि खेळणे यांतील हा फरक रचनाकारांनाही जाचला आहे. ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ (२०१६) हा खेळ रायन व एमी ग्रीन या दांपत्याने कर्करोगाने गेलेल्या आपल्या लहान मुलावर केला. त्यातील इस्पितळाच्या खोलीत बाळ रडत असते. त्याला रस पाजावा, येरझारा घालाव्यात, जे सुचेल ते करावे, तरी रडणे थांबत नाही आणि खेळाडूची प्रत्येक कृती वाया जाते. ही हतबलता पाहून कळते तशी करून कळत नाही असे कोणी म्हणणार नाही. उलटच खरे आहे. तरीही कित्येकांनी हा खेळ विकत न घेता त्याचे व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले, आणि मार्च २०१६ मध्ये निर्मात्यांनी विक्रीतून आपल्या हाती अद्याप काहीच पडले नसल्याचे जाहीर केले. व्हिडिओ करणाऱ्यांना त्यांनी विरोध केला नाही. खेळाचा थोडाच भाग दाखवावा आणि पाहणाऱ्यांना तो स्वतः खेळायला सांगावे, एवढी विनंती त्यांनी केली.